सातवं आणि नववं कलम

संपादकांनी फोनवर सांगितलं, "तुमच्या धंद्यातले गमतीचे किस्से लिहा. दिवाळीत लोकांना हसायला आवडतं." मी हो म्हणालो. लिहायला बसलो तेव्हा कळलं, की हसण्यासारखं जेवढं होतं तेवढं मी चहाच्या टपरीवर केव्हाच वाटून टाकलं आहे. उरलं ते हे. छापायचं की नाही ते त्यांनी ठरवावं.

मी लांजेवार, अर्जनवीस. नागपुरात कचेरीच्या आवारात सायकल स्टँडच्या पत्र्याला लागून माझं टेबल होतं. लोक मला वकीलसाहेब म्हणायचे. मी वकील नाही, हे सुरुवातीला सांगायचो, नंतर सांगणं सोडून दिलं. ज्याला काही लिहून हवं त्याला ते कायद्याच्या भाषेत लिहून द्यायचं, एवढंच माझं काम. आधी टाइपरायटर होता, मग लॅपटॉप आला, मग अंगठा घ्यायचं मशीन आणि फोटो काढायचा कॅमेरा आला. शेवटची पंधरा-सोळा वर्षं मी बहुतेक भाडेकरारच केले.

भाडेकरार म्हणजे लोकांना वाटतं स्टॅम्पपेपर, दोन सह्या आणि अकरा महिने. हे अकरा महिन्यांचं खूळ कुठून आलं ते सांगतो. वर्षाच्या आतल्या कराराची नोंदणी लागत नाही असं कुणीतरी कधीतरी ऐकलं आणि साऱ्या गावानं धरून ठेवलं. आपल्या राज्यात तसं नाही. लिव्ह अँड लायसन्सचा करार अकरा महिन्यांचा असो नाहीतर अकरा दिवसांचा, तो लेखी हवा, नोंदवलेला हवा, आणि नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची. नोंदवला नाही तर मालकाला दंड होऊ शकतो, तुरुंगही होऊ शकतो. वर भांडण झालंच तर अटी काय होत्या याबाबत आधी भाडेकरूचं म्हणणं खरं धरतात. हे मी मालकांना सांगितलं की ते माझ्याकडे असे बघत, जणू कायदा मीच रात्री बसून केला आहे.

मालकाच्या आणखी बऱ्याच जबाबदाऱ्या असतात. भाड्याची पावती द्यायची, भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात कळवायची, पाणी आणि वीज काही झालं तरी तोडायची नाही. एक कुसुमताई होत्या. भाडेकरूशी वाद झाला म्हणून त्यांनी एप्रिलात त्याच्या नळाची चावी बंद केली. भाडेकरू माझ्याकडे आला, मी तक्रार लिहून दिली. तासाभरानं कुसुमताई आल्या, त्यांना त्या तक्रारीचं उत्तर हवं होतं. तेही मीच लिहिलं. दोघं एकाच बाकावर बसून माझ्याच माठातलं पाणी पीत होते. शेवटी मी ताईंना म्हणालो, "ताई, उत्तर तर मस्त झालं, पण चावी नाही उघडली तर हे घेऊन तुम्हाले ठाण्यातच जावं लागन." चावी उघडली. हा माझा हमखास हशा घेणारा किस्सा. तो झाला सांगून.

आता धंद्यातली एक आतली गोष्ट. करार आम्ही लिहीत नाही, उतरवतो. माझे उस्ताद पांडेजी, ज्यांच्या शेजारी बसून मी हे शिकलो, ते सांगायचे, "नई लाइन मत लिखो. पुरानी लाइन पे कोई झगडा नहीं करता." त्यांच्याकडचा एक मसुदा होता, तो त्यांनाही कुणाकडून मिळालेला. मी तो टाइपरायटरवर घेतला, नंतर कॉम्प्युटरवर. नावं, पत्ता, तारीख बदलायची. बाकी सोळा कलमं जशीच्या तशी. त्यातलं सातवं असं, की जागेची आणि विजेच्या फिटिंगची सर्व दुरुस्ती भाडेकरूनं स्वखर्चानं करावी. नववं असं, की मालकाच्या लेखी परवानगीशिवाय भाडेकरूनं जागेत कोणताही फेरबदल करू नये. ही दोन्ही वाक्यं मी हजारो वेळा छापली असतील. दोन्ही एकापाठोपाठ वाचण्याची वेळ माझ्यावर कधी आली नाही.

प्रशांत आणि वैशाली मेश्राम माझ्याकडे आले ते दिवाळीनंतर. प्रशांत बुटीबोरीला कापडाच्या कारखान्यात सुपरवायझर. मूळचे भिवापूरकडचे. वैशाली घरी शिकवण्या घ्यायची. मुलगी स्वरा पाच वर्षांची, तिला शहरात शाळेत घातलेलं. कुटुंब बौद्ध, प्रशांतच्या आजोबांनी छप्पन साली इथेच दीक्षा घेतलेली. हे मला कसं माहीत, तर प्रशांतनंच सांगितलं. घर शोधताना काय झालं ते सांगत होता. "काकाजी, फोनवर सगळं ठरते. मग आडनाव विचारते. आडनाव सांगतलं की म्हणते, खोली तर कालच गेली." असं त्यांचं चार महिने चाललं होतं.

खापरे गुरुजींनी आडनाव विचारलं नव्हतं. गुरुजी निवृत्त मुख्याध्यापक, बेसा रोडकडच्या एका ले-आउटमध्ये स्वतःचं घर, वरचा मजला भाड्यानं द्यायचा होता. सज्जन माणूस. मी आयुष्यात जेवढे घरमालक पाहिले, त्यात नियमानं वागणारा असा दुसरा नाही. करार नोंदवला, पोलिसांत माहिती दिली, दर महिन्याला पावती. त्यांच्या ओळखीच्या सगळ्या पेन्शनरांना ते माझ्याकडेच पाठवत. त्यामुळे गुरुजी आले की मी उठून उभा राहायचो.

सह्यांच्या दिवशी वैशालीनं करार वाचायला मागितला. माझ्या टेबलावर करार वाचणारी माणसं फार थोडी. सगळे शेवटचं पान उघडतात आणि कुठे सही करू विचारतात. ती पहिल्यापासून वाचत गेली, सातव्याशी थांबली आणि म्हणाली, "काकाजी, विजेची दुरुस्ती आमच्याकडं काहून? घर तर यांचं आहे."

मी म्हणालो, "सगळ्यांच्यात असते वं बाई. छापीलच आहे ते."

ती हसली. "मग सगळ्यांनी वाचलं नसन."

प्रशांतनं तिच्याकडे पाहिलं. चार महिन्यांनंतर हातात आलेलं घर एका वाक्यासाठी जाईल, ही भीती त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होती. तिला ती दिसली असावी. तिनं सही केली. गुरुजींनी स्वराला खिशातून गोळी काढून दिली, आणि सगळे खुशीत गेले.

मार्च संपता संपता वैशाली एकटी आली. करार प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणला होता. नागपुरात तेव्हा कूलर बाहेर निघतात. त्यांचाही निघाला होता, लोखंडी पेटीचा मोठा कूलर. त्याला हात लागला की झिणझिण्या येत. इलेक्ट्रिशियन आणला. त्यानं कूलर तपासला, घरचा बोर्ड उघडून पाहिला आणि सांगितलं, की कूलर ठीक आहे, घराच्या वायरिंगमध्ये घोळ आहे. वरच्या मजल्याला अर्थिंगच नाही. बोर्डातल्या तारा उलट्या जोडलेल्या आहेत, त्यामुळे बटन बंद केलं तरी करंट राहतो. खाली अंगणात खड्डा करून अर्थिंगची तार वर आणावी लागेल, आणि त्याला मालक हो म्हणायला हवेत.

"गुरुजी काय म्हणाले?" मी विचारलं.

"गुरुजी म्हणते, सातवं कलम वाचा, दुरुस्ती तुमच्याकडं. आम्ही म्हटलं, ठीक आहे, आम्हीच करतो. तर म्हणते, भिंत फोडायची नाही, नववं कलम वाचा." तिनं पिशवीतून करार काढून माझ्यासमोर ठेवला. दोन्ही कलमांखाली पेन्सिलीनं रेघा मारल्या होत्या. "काकाजी, तुम्हीच सांगा. सातवं म्हणते तू कर, नववं म्हणते हात लावू नको. मग मी काय करू?"

मी दोन्ही वाचली. खरं सांगतो, पहिल्यांदा एकाखाली एक वाचली. आणि मला जे वाटलं ते लाजेचं आहे, पण लिहितो. मला वाटलं, ही बाई फार चौकस आहे. मसुद्यात चूक आहे असं मला वाटलं नाही.

"तुम्ही मले एक नोटीस लिहून द्या," ती म्हणाली. "साधी. मालकानं अर्थिंग करून द्यावं म्हणून. मी पोस्टानं पाठवते. कागद असला की गुरुजी ऐकतीन, कागदाचे माणूस आहेत ते."

तिनं माणूस बरोबर ओळखला होता. तो कागद गेला असता तर गुरुजींनी अर्थिंग केलं असतं, याबद्दल आज माझ्या मनात शंका नाही. वीस मिनिटांचं काम. पण खापरे गुरुजींविरुद्ध नोटीस, तीही माझ्या टेबलावरून? उद्या सगळे पेन्शनर म्हणाले असते, हा भाडेकरूंना फूस लावतो. मी म्हणालो, "नोटीस कशाले, वैशाली? उगाच वाकडं येते. मी गुरुजींले फोन करतो ना. माझा शब्द नाही मोडणार ते."

तिनं समोरचा करार उचलला. मग म्हणाली, "नक्की करजा काकाजी." करार पिशवीत घालून गेली.

फोन मी तिसऱ्या दिवशी केला. गुरुजींच्या घरी रंगकाम सुरू होतं. ते म्हणाले, "बघू ना, रंग एकदा होऊ द्या. आत्ताच केला बाहेरचा, आता त्यात कुठे तार ओढणार? आणि तसं करारात काय आहे ते तुम्हाला माहीतच आहे." मी म्हणालो, "हो गुरुजी, ते तर आहेच." वैशालीला मी परत कळवलं नाही. काय कळवणार होतो? तिचा फोन एकदा येऊन गेला, मी रजिस्ट्रारच्या खोलीत होतो. नंतर करू म्हटलं, राहिलं.

बाहेरगावच्या वाचकाला वाटेल, झिणझिण्या येतात तर कूलर लावायचाच कशाला. त्यानं नागपुरात एक मे महिना वरच्या मजल्यावर, पाच वर्षांचं मूल घेऊन काढून दाखवावा. वैशालीनं आपल्या परीनं सोय केली होती. पाणी भरताना बटन बंद करायची, पायात रबरी चपला घालायची आणि लाकडी पाटावर उभी राहायची. हे मला नंतर प्रशांतकडून कळलं. मेमधल्या एका रविवारी दुपारी पाट धुऊन गच्चीत वाळत टाकलेला होता. बादलीतलं थोडं पाणी फरशीवर सांडलेलं होतं. प्रशांत कारखान्यात ड्यूटीवर. स्वरा खाली गुरुजींकडे होती. गुरुजी तिला रोज दुपारी पाढे शिकवत, एक पैसा न घेता. बेचा पाढा चालू असताना वर बादली पडल्याचा आवाज आला. गुरुजींनीच जिना चढून पाहिलं.

पोलिसांनी आकस्मिक मृत्यू लिहिला. ठाण्यातल्या साहेबांनी मला बोलावलं, करार दाखवला आणि विचारलं, "हे तुम्ही केलं?" मी म्हणालो, "हो, मीच." ते म्हणाले, "व्यवस्थित आहे की. नोंदवलेलं आहे, सगळं आहे." त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असे व्यवस्थित करार त्यांना क्वचितच बघायला मिळत असावेत.

प्रशांत एका वकिलाकडे गेला, मीही त्याच्यासोबत गेलो. मी का गेलो हे त्यानं विचारलं नाही. नोटिशीचं वैशालीनं त्याला सांगितलं होतं की नाही, हेही मला कळलं नाही, आणि मी विचारलं नाही. वकिलानं करार वाचला, कपाटातून भाडे कायद्याचं पुस्तक काढलं आणि आम्हाला समजावून सांगितलं. घर राहण्यालायक ठेवायची जबाबदारी कायद्यानं मालकावरच टाकली आहे. मात्र त्याच वाक्यात एक अट आहे. भाडेकरूनं त्याविरुद्ध करार केला नसेल तर. "आणि तुम्ही केला आहे," वकील सातव्या कलमावर बोट ठेवून म्हणाला. "तरी आपण लढू शकतो. नववं कलम आहे, बोर्डाच्या तारा आहेत. वर्षं लागतील, निकाल काय येईल सांगता येत नाही. मालकानं हलगर्जी केली हे दाखवायला एखादा कागद आहे का तुमच्याकडे? एखादी नोटीस, अर्ज, काहीही?"

प्रशांत म्हणाला, "नाही जी. कागद तर काही नाही."

मी शेजारीच बसलो होतो.

मी इतकी वर्षं कायद्याच्या आवारात बसलो आणि ते पुस्तक तोवर कधी उघडलं नव्हतं. घरी येऊन मागवलं आणि वाचलं. कायदा करणाऱ्यानं ओझं बरोबर जागी ठेवलं होतं. ते तिथून उचलून भाडेकरूच्या डोक्यावर द्यायचं काम माझ्या टेबलानं केलं, करारामागून करार. बदल्यात मला मिळाली ती गिऱ्हाइकांची शाबासकी, की लांजेवारांचा ड्राफ्ट एकदम पक्का असतो. मला त्याचा अभिमान होता. आज त्या अभिमानाची किळस येते.

गुरुजी एकदा येऊन गेले. बाकावर बसले, पाणी घेतलं नाही. "लांजेवार, मी सगळं नियमानं केलं हो. माझं कुठे चुकलं ते सांगा." त्यांना खरंच कळत नव्हतं. ते वाक्य त्यांनी लिहिलं नव्हतं. जाताना म्हणाले, "अर्थिंग करून घेतलं मी आता. दोन तासांचं काम निघालं." आणि रडायला लागले. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला नाही. त्यांच्या रागानं नव्हे. माझाच हात मला त्या जागी ठेववेना.

गुरुजींनी प्रशांतला राहा म्हटलं होतं. पण त्या घरात तो कसा राहणार? गावी जायचं तर नोकरी सुटते आणि स्वराची शाळाही. जूनमध्ये तो पुन्हा घर शोधू लागला, आणि पुन्हा आडनावावरून फोन ठेवले जाऊ लागले. त्यात आता बाईमाणूस नसलेलं घर. बायको कशानं गेली हे विचारून दोघांनी नकार दिला. असा माणूस काही घडलं की भांडेल, असं त्यांना वाटलं असेल.

शाळा उघडायच्या आठवड्यात तो माझ्या टेबलावर आला, नव्या मालकाला घेऊन. इतवारीत भांड्यांचं दुकान असलेले गृहस्थ, शहरात तीन-चार खोल्या भाड्यानं दिलेल्या. मी त्यांचा करार आधीच तयार ठेवला होता. सातवं कलम काढून टाकलं होतं. त्या जागी नवं लिहिलं होतं, आयुष्यात पहिल्यांदा माझं स्वतःचं वाक्य, की घराची आणि विजेच्या फिटिंगची दुरुस्ती मालकानं करावी.

शेठ वाचत नव्हते, पण नजर तयार होती. "अरे काकाजी, हे काय करून ठेवलं? माझ्या बाकीच्या खोल्यांमध्ये तर हे असं नाही. तुम्हीच तर लिहून दिले ते."

"कायद्यात असंच आहे, शेठ."

"कायदा असन. मले फालतूची झंझट नाही पाहिजे. जुनं असन तर टाका, नाहीतर राहू द्या. संध्याकाळी दुसरी पार्टी येऊनच राहिली आहे."

मी लॅपटॉपवरचे हात काढून घेतले. मला वाटलं, या वेळी नाही. नाहीतर मग कधी?

"टाका ना काकाजी," प्रशांत हळूच म्हणाला. "सोमवारी शाळा सुरू होऊन राहिली आहे पोट्टीची. टाका जुनं."

मी टाकलं. जुनी फाइल उघडली, सातवं कलम उचललं, जागेवर आणून ठेवलं. नववं तिथे होतंच. शेठनं अंगठा दिला, कॅमेऱ्यात बघून फोटो दिला. प्रशांतचा अंगठा घेण्याआधी मी थांबलो. निदान एवढं तरी विचारावं, म्हणून शेठकडे वळलो. "शेठ, एक विचारायचं होतं, खोलीत अर्थिंग..."

टेबलाखालून प्रशांतनं माझं मनगट धरलं. घट्ट. ओठ न हलवता म्हणाला, "नका विचारू. हीपण खोली जाईन."

"काय म्हणून राहिले?" शेठनं विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो.

प्रशांतनं मशीनवर अंगठा ठेवला. त्या महिन्याच्या शेवटी मी टेबल कायमचं उचललं. त्या खोलीत अर्थिंग आहे की नाही, मला आजही माहीत नाही.